विहिरीवरच्या स्टार्टरलाही कॅमेऱ्याचाच नियम लावा



९ एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात नवा सीसीटीव्ही कॅमेरा बाजारात आणायचा तर त्याची सायबर सुरक्षेची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने हा नियम केला, हे फार चांगले झाले. माझी मागणी अशी की, सिमकार्डवर चालणारा मोटर स्टार्टर, सौर पंपाचा कंट्रोलर आणि ठिबकचे ऑटोमेशन यांनाही तसाच नियम लागू व्हावा.

मोर्शी-वरुडच्या संत्रा पट्ट्यात मोबाइल स्टार्टर हौसेने आलेला नाही. शेतीची लाइन रात्री-बेरात्री येते, विहीर गावापासून लांब, अंधारात सापा-विंचवाची भीती. घरी बसून मोटर चालू-बंद करता येते म्हणून शेतकऱ्याने पदरचे पैसे घालून ही पेटी घेतली. पण आमच्याकडे विकल्या जाणाऱ्या कितीतरी पेट्यांचा पासवर्ड कारखान्यातूनच १२३४ असा येतो. तो बदलायचा कसा, हे सोबतच्या कागदावर बारीक इंग्रजीत लिहिलेले असते. बसवणारा मिस्त्री सिम टाकतो, मोटर एकदा फिरवून दाखवतो आणि निघून जातो. पुढे अशा पेटीतल्या सिमचा नंबर ज्याच्याकडे आहे, त्याला ते चार आकडे शोधायला कुठे जावे लागत नाही.

यात एवढे काय बिघडते, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचे पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. ताण नीट बसला तरच पुढे फूट एकसारखी होते. त्या दिवसांत कोणी खोडी म्हणून, किंवा पेटी आपोआप बिघडून, रात्रभर मोटर चालली तर ताण तुटतो आणि त्या बहाराची आशा तिथेच संपते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना मोटर कोरडी फिरली तर ती जळते. आमचा भाग आधीच भूजलाच्या अतिउपशाने ग्रासलेला आहे. इथे पाण्याची एकेक पाळी मोजून द्यावी लागते.

‘शेतकऱ्याच्या मोटरवर हल्ला करायला कोण बसले आहे?’ हा प्रश्न मी विक्रेत्यांच्या तोंडून नेहमी ऐकतो. त्याला उत्तर असे की, २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कॅमेरे आणि राउटर शोधताना त्यांचा मालक कोण हे पाहिलेच नाही. कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड तो एकामागून एक लावून बघायचा आणि जे उपकरण उघडेल ते ताब्यात घ्यायचा. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘डिन’ कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. इंटरनेटला जोडलेला आपला कंट्रोलर असाच दुसऱ्याच्या हाताखाली राबू लागला, तर मालकाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

यावर उपाय सापडलेला आहे. युरोपच्या ‘ईटीएसआय’ या मानक संस्थेने जून २०२० मध्ये ‘ईएन ३०३ ६४५’ हे मानक काढले. त्याची पहिलीच अट आहे, सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड देऊ नका. ब्रिटनने त्यातल्या तीन गोष्टी २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानेच सक्तीच्या केल्या: सरसकट पासवर्ड बंद, दोष कळवायला पत्ता, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील हे विकतानाच सांगणे. युरोपीय संघाचा याहून कडक कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. आपल्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रानेही २०२१ मध्ये याच मानकावरून आचारसंहिता तयार केली, पण ती ऐच्छिक ठेवली. ऐच्छिक नियम पाळून किंमत वाढवायला स्पर्धेतला कोणता उत्पादक तयार होईल? वीज कंपनीच्या स्मार्ट मीटरला ‘आयएस १६४४४’ हे भारतीय मानक आहे, कारण तिथे कंपनीच्या वसुलीचा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या पिकालाही तेवढीच किंमत दिली पाहिजे.

काही उत्पादक सांगतात, आमची यंत्रणा गुप्त आहे, म्हणून ती सुरक्षित आहे. आमचे रिद्धपूर महानुभाव पंथाचे तीर्थस्थान, इथल्या माणसाला तरी हे पटू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जिवापाड जपले, आणि ते शतकानुशतके टिकले हे त्यांचे मोठे कर्तृत्व. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचे कोडे सोडवले आणि त्या लिपीतल्या सगळ्याच पोथ्या वाचता येऊ लागल्या. गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑगस्त केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की, पद्धत शत्रूला कळली तरी चालावे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. उघड मानकाची ताकद हीच, की ते शेकडो तज्ज्ञांनी आधीच तपासलेले असते.

सक्ती केल्यास भाव वाढतील, ही भीती मी समजतो. चाचणीचा खर्च येईलच. पण प्रत्येक पेटीला वेगळा पासवर्ड देऊन तो झाकणाच्या आत चिकटवायला किती पैसे लागतात? शिवाय ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्केच भरतो, बाकीचा पैसा सरकारचा. जो पैसा देतो, त्याला अट घालता येते. पंपाच्या पाच वर्षांच्या दुरुस्ती हमीत कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरची दुरुस्तीही स्पष्ट लिहा. टूजीवर चालणारी पेटी विकताना तसे खोक्यावर छापा, कारण जिओकडे टूजी नाही आणि इतरांचे किती दिवस राहील याची हमी कोणी देत नाही. आणि हे सगळे मराठीत छापा. त्याचा नमुना तयार करायला आमच्या रिद्धपुरातच मराठी भाषा विद्यापीठ आहे, त्याने हे काम अंगावर घ्यावे.

नियम यायचा तेव्हा येईल. तोवर बागायतदार बांधवांनी मिस्त्रीला बोलावून १२३४ आजच बदलून घ्यावा, आणि नवीन स्टार्टर घेताना त्याची दुरुस्ती किती वर्षे मिळेल हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

– एक संत्रा बागायतदार, रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती)