गाण्यात गोष्ट नको म्हणणाऱ्यांस

गाण्यात गोष्ट कशाला हवी, असा प्रश्न हल्ली मोठ्या रुबाबात विचारला जातो. विचारणारे बहुधा चांगले शिकलेसवरलेले असतात. गाणे म्हणजे हृदयाचा उद्गार. गाणाऱ्याने आपले सुखदुःख गावे आणि तीन मिनिटांत मोकळे व्हावे. कथाच सांगायची हौस असेल तर त्याने खुशाल कादंबरी लिहावी, असे या मंडळींचे म्हणणे. मला ते साफ नामंजूर आहे. माझ्या बाजूचा साक्षीदार मी मुद्दामच अमेरिकेतून बोलावतो. घरचा कीर्तनकार उभा केला, तर तुम्ही त्याला जुनाट म्हणून बसवाल!

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी 'द डिसेंबरिस्ट्स' नावाचा वाद्यवृंद आहे. बाज लोकगीतांचा, जोर रॉक संगीताचा. त्यांचे गीतकार-गायक कॉलिन मेलॉय यांनी ललितलेखनाचे रीतसर विद्यापीठीय शिक्षण घेतलेले. २००६ साली या मंडळींचा 'द क्रेन वाइफ' हा दहा गाण्यांचा अल्बम निघाला. त्याचे नाव एका जपानी लोककथेवरून आलेले आहे. एक गरीब माणूस जखमी क्रौंच पक्ष्याची शुश्रूषा करून त्याला सोडून देतो. पुढे एक स्त्री त्याच्या दारी येते, त्याची बायको होते आणि बंद खोलीत अपूर्व वस्त्र विणून देते. अट एकच : विणताना पाहायचे नाही. वस्त्राला पैसा येतो, पैशामागून हाव येते, आणि नवरा एक दिवस आत डोकावतो. पाहतो तो काय, क्रौंची आपलीच पिसे उपटून विणते आहे! ती उडून जाते, ती कायमची.

आता गंमत पाहा. या कथेचा तिसरा भाग मेलॉय यांनी अल्बमच्या आरंभी घातला आहे आणि पहिले दोन भाग थेट नवव्या गाण्यात. म्हणजे आधी नवऱ्याचा पश्चात्ताप ऐकायचा आणि तासाभराच्या अखेरीस त्याचा अपराध. सुटी गाणी वेचून, मागचे पुढे करून ऐकणाऱ्याच्या हाती यातले काय लागणार? १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींच्या 'गीतरामायणा'ची ५६ गाणी ओळीने ऐकणाऱ्यांपैकी कोणी 'आधी रावणवध लावा' म्हटले असेल, असे मला तरी वाटत नाही.

'पण ही सारी पुस्तकी विद्या! यात गाणाऱ्याचा स्वानुभव कुठे आहे?' हा दुसरा आक्षेप. याच अल्बमात लेनिनग्राडच्या वेढ्यावर एक गाणे आहे. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ हे शहर जर्मन फौजांनी कोंडले होते. तिथल्या एका संस्थेत निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी देशोदेशींहून जमवलेले बियाणे होते. ते सांभाळणारे कित्येक शास्त्रज्ञ भुकेने मेले, पण दाण्याला हात लावला नाही. स्वानुभवाचाच हट्ट धरला, तर हे गाणे म्हणायचे कोणी? त्या मेलेल्यांनी?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. १९७०च्या दशकात बेलफास्ट शहरात रात्री-अपरात्री कॅथलिकांना गाठून क्रूरपणे मारणारी एक टोळी होती. तिच्यावरही या अल्बमात गाणे आहे, तेही अंगाईच्या संथ चालीवर, मुलांना बागुलबुवाची भीती घालावी तसे. ज्यांची माणसे खरोखर गेली, त्यांच्या रक्ताचा असा बागुलबुवा करावा काय? विचारणाऱ्याचा हक्क मला मान्य आहे. पण तो हक्क कशामुळे उत्पन्न झाला, हेही पाहा. आपलेच दुःख गाणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नसतो. परक्याचे दुःख गाणारा सगळ्यांपुढे उभा असतो. ही जबाबदारी टाळण्यासाठी जो 'मी' आणि 'माझे' यांच्यापलीकडे जातच नाही, त्याला मी प्रामाणिक म्हणणार नाही. फार तर सावध म्हणेन. आणि त्या अंगाईने तरी काय केले? रस्त्यावरची दहशत पोराच्या अंथरुणापर्यंत कशी पोचते, ते दाखवले. वर्तमानपत्रातल्या मृतांच्या आकड्याला ते जमत नाही.

गाण्यात परक्याची गोष्ट कशाला, असे विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या आदिकवीकडे वळून पाहावे. व्याधाच्या बाणाने मेला तो क्रौंच, आक्रोश केला तो क्रौंचीने. वाल्मीकींचे त्यात स्वतःचे असे काय गेले होते? तरीही श्लोक त्यांच्याच तोंडून निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ सबंध रामायणाची गोष्ट आली. ती कुशलवांनी गाऊनच सांगितली!