तीस टक्के अडत

मी बँकेत कारकून. दिवसभर खिडकीत बसून लोकांचे कागद तपासायचे, शिक्के मारायचे आणि सही जुळली नाही की आलेला माणूस परत पाठवायचा, एवढ्यावर आमचा संसार चालतो. म्हणून चिरंजीवांनी "बाबा, खास तुमच्यासाठी!" म्हणत ‘पेपर्स, प्लीज’ नावाचा गेम लावून दिला, तेव्हा कार्टं आपली टिंगल करतंय असंच मला वाटलं. सीमेवरचा एक कारकून. पासपोर्ट तपासायचे, शिक्के मारायचे, चुकलं तर दंड. आणि रात्री घरभाडं, जेवण, ऊब ह्यांतलं काय परवडतं त्याचा हिशेब. दीड वाजेपर्यंत मी शिक्के मारत होतो. सौ. म्हणाली, "ओव्हरटाइम मिळणार आहे का ह्याचा?"

हा गेम लुकास पोप ह्या एकट्या गृहस्थाने करून २०१३ साली बाजारात आणला. २०१८ साली त्याने ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ काढला. त्यातही नायक कोण, तर ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक! कारकुनांविषयी एवढी माया मी कथा-कादंबऱ्यांतही पाहिलेली नाही. तेव्हापासून मी गेम दुकानाच्या फळीवर शोधत नाही, कर्त्याच्या नावाने शोधतो.

आता भांडण आहे ते दुकानावरून. चिरंजीव सगळं ‘स्टीम’वर घेतात. हे दुकान विक्रीच्या शंभरातले तीस स्वतः ठेवतं. बरं, २०१८ पासून गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर पंचवीस, पाच कोटींच्या पुढे वीस! म्हणजे बड्याला सवलत आणि एकट्या-दुकट्याला पुरा दर. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. बड्या कर्जदारासाठी व्याज कसं लवतं ते मला कोणी शिकवू नये.

"पण ‘स्टार्ड्यू व्हॅली’ एकट्यानेच केलेला, तिथेच विकून तो कोट्यधीश झाला," चिरंजीव म्हणाले. अरे, लॉटरी लागलेल्याचाच फोटो स्टॉलवर टांगतात! दोन तासांच्या आत कंटाळलात तर पैसे परत, ही त्यांची सोय मात्र चांगली, ते मान्य. पण तिथे घेतलेला गेम आपला होतच नाही. २०२४ पासून पैसे भरतानाच लिहून येतं की मिळतो तो फक्त परवाना. म्हणजे ओनरशिप नव्हे, लीव्ह अँड लायसन्स. फक्त डिपॉझिट परत मागायचं नाही. ‘जीओजी’वाला अडतीच्या बाबतीत धर्मात्मा नसेल, पण गेमची फाइल बिनकुलपाची हातात देतो. ती आपल्या डिस्कवर ठेवावी, उद्या दुकान बुडालं तरी खेळावं.

आणि ‘इच डॉट आयओ’वर तर दुकानाने किती टक्के घ्यायचे हे विकणाराच ठरवतो, शून्य म्हणाला तर शून्य. शिवाय गिऱ्हाइकाला छापील किमतीपेक्षा जास्त देण्याची मुभा! ही मुभा मराठी माणसासाठी नसावी असं मला वाटलं होतं. पण ‘अ शॉर्ट हाइक’ नावाचा, एका पाखराने डोंगर चढायचा गेम घेताना मी खरोखर एक डॉलर जास्त दिला.

सौ.ला अजून सांगितलेलं नाही. त्याच सकाळी मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी मी दहा मिनिटं वाद घातला होता, आणि पिशवी धरून ती शेजारीच उभी होती.