वीस टक्क्यांचा वाटा आणि आपण

मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : थोरल्याचे लग्न झाल्यावर राहायचे कुठे? नव्या इमारतींतील फ्लॅटचे दर ऐकले की शहरातल्या घराचा विषय संपतो. मग माणूस पाचगाव, उचगाव, कळंब्याकडे जागा बघू लागतो.

शहरात एवढ्या इमारती उभ्या राहतात, त्यात गरिबाचा काही वाटा आहे की नाही? नियमात आहे. राज्य शासनाने २०१३ साली तो आणला आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ठेवला. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प करणाऱ्याने वीस टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी ठेवायचा आणि ती घरे म्हाडामार्फत द्यायची, असा तो नियम. परंतु तो आणला गेला दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत आपले शहर साडेपाच लाखांच्या आसपास भरले. म्हणजे कोल्हापुरात बिल्डरवर ही सक्ती नाही.

सक्ती असली म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. नाशिकमध्ये ही घरे म्हाडाकडे आलीच नाहीत, नियम चुकविण्यासाठी जागेचे तुकडे पाडले गेले, असे आरोप २०२२ साली झाले आणि प्रकरण विधिमंडळात गाजले. नियमावर नजर ठेवणारे लोक नसतील तर नियम कपाटातच राहतो.

मग आपल्या महापालिकेच्या हातात काहीच नाही काय? आहे. विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी जागा राखून ठेवता येते. पालिकेची स्वतःची जागा खाजगी भागीदारीत विकसित करायला दिली, तर करारात किती लहान घरे हवीत ही अट पालिकाच घालू शकते. सौदा करायचा तो सही होण्यापूर्वी. सही झाल्यावर फक्त विनंती उरते.

दुसरी गोष्ट सोयींची. घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ साली प्राधिकरण नेमले गेले. हद्दवाढीचा वाद तर त्याहून जुना. गावांना घरफाळा वाढण्याची आणि जमिनी जाण्याची भीती. शहर म्हणते, आमच्या सोयी वापरता, मग हद्दीत या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या ओढाताणीत स्वस्त म्हणून हद्दीबाहेर घर घेतलेल्या कुटुंबाला पाणी कोणी द्यायचे, गटार कोणी बांधायचे, कचरा कोणी उचलायचा? नळाला पाणी आले नाही तर घागर बाईच्याच डोक्यावर येते.

के. एम. टी.ची बस हद्द ओलांडून गावात जाते. हद्द तीच राहूनही सोय वाटून घेता येते, याचा हा रोजचा पुरावा. तसेच पाणी, सांडपाणी आणि कचऱ्याचे लेखी करार महापालिका, प्राधिकरण व ग्रामपंचायतींनी करावेत, खर्चाचा वाटा ठरवावा आणि मगच मोठ्या बांधकामांना परवानगी द्यावी. हद्दवाढ होवो वा न होवो, तोवर माणसे तहानलेली ठेवता येत नाहीत.

२०२० साली महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात गल्लीतला प्रश्न सभागृहात मांडणारा कोणी नव्हता. म्हणून बंधू-भगिनींनो, आता मत मागायला येणाऱ्याला गटार आणि दिव्याबरोबरच हेही विचारा : पालिकेच्या जागांच्या करारात लहान घरे किती? विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती-सूचना द्या. एकट्याने नव्हे, मंडळाच्या, महिला मंडळाच्या नावाने. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कचेरीत तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. शिक्का मारलेल्या कागदाला मात्र उत्तर द्यावे लागते.