वस्त्रसमितीस अनावृत पत्र: देशी बाजाराच्या वाट्याची तपासणी

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
वस्त्रसमिती, प्रभादेवी, मुंबई

महोदय,



संसदेने १९६३ साली ज्या कायद्यान्वये आपल्या समितीची स्थापना केली, त्याच्या चौथ्या कलमात, देशांतर्गत विक्री आणि निर्यात अशा दोहोंसाठी कापडाची प्रत प्रमाणित राखणे हे समितीचे कर्तव्य म्हणून नमूद आहे, आणि त्यातही देशी बाजाराचा उल्लेख आधी व निर्यातीचा नंतर आहे. मसुदा लिहिणाऱ्या अंमलदाराच्या मनात या क्रमाविषयी काही विशेष हेतू होता असा माझा दावा नाही. परंतु कापडातील विषारी द्रव्यांपुरते पाहिले तर साठ वर्षांच्या वहिवाटीने हा क्रम पुरता उलटला आहे, ही तक्रार आपल्या दफ्तरी दाखल व्हावी म्हणून हा पत्रप्रपंच.

कायदा मुळीच नाही असे नाही. जर्मनीने १९९४ साली काही अॅझो रंगांनी रंगविलेल्या कपड्यांची विक्री बंद केली, आपल्या निर्यातदारांची धावपळ उडाली, आणि मार्च १९९७ पर्यंत आपल्या सरकारनेही एकूण ११२ रंगांवर मनाईहुकूम काढले. अॅझो रंग बहुतांशी निरुपद्रवी असतात, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि नायट्रोजनच्या दोन अणूंमधला जो बंध या रंगांना झळाळी देतो, तोच बंध त्वचेवरील जंतूंच्या सान्निध्यात तुटला असता काही थोड्या रंगांतून बेन्झिडीनसारखी अमाइने मोकळी होतात, आणि बेन्झिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत उरलेले नाही. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना हा रोग जडतो, हे फ्रॅंकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच दाखवून दिले होते. म्हणजे जगाला इशारा मिळून शतक लोटल्यावर आपला मनाईहुकूम निघाला, आणि तोही परदेशी गिऱ्हाईक रुसले तेव्हा.

या रंगांचा शोध घेण्याची रीत आपल्या प्रयोगशाळांना नवी नाही. कापडाचा जेमतेम एक ग्रॅमचा तुकडा बारीक कातरून सायट्रेटच्या द्रावणात सत्तर अंशांपर्यंत तापवायचा, त्यात सोडियम डायथायोनाइट घालून तो बंध मुद्दाम तोडायचा, आणि मोकळी झालेली अमाइने निराळी काढून यंत्रावर मोजायची. किलोमागे ३० मिलिग्रॅमांहून अधिक निघाली तर तो माल युरोपच्या बाजारात उभा राहू शकत नाही. परदेशी जाणारा माल गिऱ्हाइकाच्या अटीनुसार या कसोटीतून जातो. परदेशातून येणाऱ्या कापडालाही असले रंग नसल्याचा दाखला बंदरावर दाखवावा लागतो. भिवंडीच्या मागावर विणलेला, कोठल्याशा प्रोसेस हाउसमध्ये रंगविलेला आणि दादरच्या फुटपाथवर विकला जाणारा सदरा मात्र ना बाहेर जातो ना बाहेरून येतो, म्हणून त्याला कोणी विचारीत नाही. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना मानकचिन्ह सक्तीचे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट झाली; पण बाळाच्या हातातला खुळखुळा प्रमाणित आणि अंगातले झबले बेवारशी, ही व्यवस्था कोणत्या शहाणपणात बसते हे निदान मला उमगलेले नाही.

फॉर्मॅल्डिहाइडची कथा अशीच आहे. सुरकुत्या पडू नयेत म्हणून सुती कापडावर जी राळ चढवितात, तिच्यातून हा वायू मंदपणे सुटत राहतो. तयार कपड्यांच्या दुकानात बंद खोक्यातला नवा सदरा उघडताच नाकाला जो तिखट दर्प झोंबतो, तो पुष्कळदा याचाच असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मानवी कर्करोगास निश्चित कारण होणाऱ्या द्रव्यांत केली, आणि त्यात मुख्य भय श्वासावाटे आहे. त्वचेला तो खाज आणि पुरळ देतो. जपानने तर १९७३ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत हे द्रव्य जवळजवळ सापडताच कामा नये असा दंडक घातला. आपल्याकडे तान्ह्या मुलाला नवे कापड न घालता आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी आणि झबली शिवण्याचा जो प्रघात होता, त्यामागे रसायनशास्त्र नव्हते, काटकसर आणि मऊपणा होता. पण शंभर वेळा धुतलेल्या त्या सुतात राळेचा वा सुट्या रंगाचा अंश उरण्याची शक्यता थोडीच. नवा कपडा अंगात घालण्यापूर्वी एकदा धुवावा, हा सल्ला मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतो, कारण फॉर्मॅल्डिहाइड पाण्यात विरघळते. निषिद्ध रंग मात्र एका धुण्याने जात नाही.

येथे कोणी नैसर्गिक रंगांचा जयजयकार करील, तर त्यातही मला सरसकट सामील होता येत नाही. मंजिष्ठा वा हळद निरुपद्रवी खरी, परंतु रंग पक्का करण्यासाठी तुरटीऐवजी मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरले तर त्या सात्त्विकतेचा अर्थ उरत नाही. आणि लेबलावर छापलेले हिरवे पान हा काही दाखला नव्हे.

शिवाय ही बाब केवळ नेसणाराच्या कातडीपुरती नाही. कापड धुण्या-भिजविण्याच्या प्रक्रियेत वापरलेले नॉनिलफेनॉलचे संयुग कापडात उरते आणि घरच्या मोरीतून ओढ्यात उतरते, तेथे विघटन पावून माशांच्या प्रजननात ढवळाढवळ करते. म्हणूनच युरोपने २०२१ च्या फेब्रुवारीपासून कपड्यांत त्याची हद्द वजनाच्या ०.०१ टक्क्यावर आणली. नोय्यल नदीचे रंगाच्या सांडपाण्याने जे झाले, त्यापायी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तिरुप्पूरचे रंगकाम बंद करण्याचा हुकूम द्यावा लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये कारखान्याच्या रंगाने तळोज्याची भटकी कुत्री निळी झाली, तेव्हा त्यांच्या छायाचित्रांचे कौतुक अधिक झाले आणि तिथल्या कासाडी नदीची विचारपूस कमी.

ग्राहकाने शहाणे व्हावे, कमी घ्यावे, टिकाऊ घ्यावे, हा उपदेश मला मान्य आहे. परंतु सदऱ्याच्या आतल्या चिठ्ठीवर सूत किती टक्के आणि इस्तरी किती गरम एवढेच लिहिलेले असताना, शहाण्या ग्राहकाने निवड करायची ती कशाच्या आधारे?

प्रत्येक गठ्ठ्याची तपासणी सक्तीची करा, असे माझे म्हणणे नाही. इचलकरंजीचा चार मागांचा मालक त्या खर्चाने बुडेल, आणि रंग निवडण्याची मुखत्यारी मुळात त्याच्याकडे नसतेच. जबाबदारी रंग विकणाऱ्यावर, प्रोसेस हाउसवर आणि ज्याचे नाव कॉलरवर शिवलेले असते त्याच्यावर पडली पाहिजे. समितीने आरंभ लहान मुलांच्या कपड्यांपासून करावा. दादर, सोलापूर, नागपूर येथील खुल्या बाजारातून सामान्य गिऱ्हाइकासारखे नमुने विकत घ्यावेत, वर सांगितलेल्या द्रव्यांसाठी ते आपल्याच प्रयोगशाळेत तपासावेत, आणि विक्रेत्याच्या व उत्पादकाच्या नावानिशी निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत. दिवाळीच्या खरेदीपूर्वी पहिली यादी निघाली तर तिचा उपयोग होईल.

कळावे.

आपला,
एक ग्राहक