हळू स्वराचा हक्क

नवागामात लग्नसराई आली की हळदीच्या रात्री अहिराणी गाण्यांवर गल्ल्या नाचू लागतात. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या कुटुंबांनी ही बोली येथवर आणली. तिची गाणी आज तरुणांच्या ओठी आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. आमचा आक्षेप गाण्यांवर नाही, नाचण्यावर तर मुळीच नाही. ही गाणी, आणि आजचे बहुतेक लोकप्रिय संगीत, ज्या रीतीने ध्वनिमुद्रित होते त्या रीतीवर तो आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. एमपीथ्री करताना ध्वनीची साठवण आटते. १२८ किलोबिटची प्रत सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्शात मावते. तीत काही बारकावे हरपतात. तथापि हळू व मोठा यांतील अंतर बहुतांशी टिकते. दुसरा दाब अधिक घातक आहे. कंप्रेसर आणि लिमिटर यांच्या साहाय्याने गाण्यातील उंच स्वर आधी दडपले जातात आणि मग सगळाच आवाज वर उचलला जातो. कुजबूज आणि आरोळी एकाच उंचीवर येऊन बसतात.

१९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा तिने सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मोकळा करून दिला. एवढे अंगण मिळूनही पुढील काळात गाण्यांनी संसार मांडला तो उंबरठ्यावरच. कारण शेजारच्या गाण्याहून आपले गाणे मोठे वाजावे, ही चढाओढ. २००८ मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह इतका दाबला गेला की खुद्द चाहत्यांनीच तक्रार केली. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ-खेळात अधिक मोकळी ऐकू येत होती.

यावर आम्हांस विचारले जाते, “गोंगाटात राबणाऱ्याला हळू गाणे ऐकू तरी येईल काय?” प्रश्न रास्त आहे. यंत्रमागांच्या खात्यात शेजाऱ्याशी बोलायचे तरी ओरडावे लागते. रिक्षात, रस्त्यावर दाबलेले गाणेच कानी पडते. परंतु ज्याचे बारा तास एकाच पातळीच्या खडखडाटात गेले, त्याच्या विसाव्याच्या घटकेसही तीच सपाट पातळी द्यावी, हा कोणता न्याय? खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली. जात्याच्या घरघरीतही ओवीचा स्वर चढतो, उतरतो, श्वासापुरता थांबतो. कष्टाच्या सोबतीने गाणाऱ्या त्या माउल्यांनी जात्याशी कधी स्पर्धा केली नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, आवाज वाढवण्याचे बटण श्रोत्याच्या हाती असते. ज्याला गल्ली दणाणून सोडायची आहे तो ते फिरवील. पण मुद्रणातच पुसून टाकलेला हळू स्वर परत आणणारे बटण कोणत्याही घरी नाही. शिवाय या चढाओढीतला लाभही आता उरलेला नाही. स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारखी माध्यमे अतिमोठे गाणे आपण होऊन खालच्या पातळीवर आणतात. मोठेपणा तेथे गळून पडतो आणि दबलेपणा तेवढा शिल्लक राहतो.

यास्तव अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ढोल जरूर दणाणू द्या. पण नवरीच्या पाठवणीचे कडवे आले की त्याच ढोलाच्या पातळीवर तिचा हुंदका चढवू नका. माहेर मागे टाकून सुरतेस आलेल्या बायका ते कडवे ऐकत असतात. त्यांना तो हुंदका हळूच ऐकायचा आहे.