माकडतापाचा धडा

जंगलात दोनचार माकडे मरून पडली, तर त्याची वार्ता सहसा गावाच्या वेशीपलीकडे जात नाही. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतील माणसेही तापाने फणफणली, तेव्हा मात्र दखल घेतली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तेथे पोहोचले. आशियात कधीही न आढळलेला पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली धास्ती होती. ती खोटी ठरली. हाती लागला तो रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा, पण अगदी नवा विषाणू. त्या रोगाला अरण्याचे नाव मिळाले. लोक त्याला माकडताप म्हणू लागले.

भारतीय संशोधनाच्या इतिहासातील हे एक उज्ज्वल पान आहे. परंतु या घटनेला आता जवळजवळ सात दशके होत आली आणि रोग संपलेला नाही. उलट पसरला आहे. प्रदीर्घ काळ कर्नाटकापुरता मर्यादित वाटणारा हा ताप २०१२ नंतरच्या काही वर्षांत तामिळनाडू व केरळात आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याने बळी घेतले. म्हणजे पश्चिम घाटाच्या दोन्ही टोकांकडे त्याची वाटचाल चालू आहे.

या रोगाची रीत समजून घेतली, तर त्याचा बंदोबस्त का रखडला हे उमगते. विषाणू वाहून नेते ती गोचीड. तिची पिल्ले उंदीर, घुशी, पक्षी, माकडे यांचे रक्त शोषतात आणि संधी मिळताच माणसालाही चावतात. मोठी गोचीड गुरांच्या अंगावर पोसते आणि पालापाचोळ्यात अंडी घालते. गुरांना या विषाणूने फारसा अपाय होत नाही. माकडे मात्र मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिड्या आजूबाजूला पसरतात आणि तेवढी जागा धोक्याची बनते. जंगलतोड करून वस्ती आणि बागायत रानात जितकी आत सरकते, गुरे जितकी आत चरायला जातात, तितकी ही साखळी माणसाच्या जवळ येते. गोचिडीच्या पिल्लांचा सुकाळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो. नेमका तोच काळ काजू गोळा करण्याचा आणि पावसाळ्यापूर्वी सरपण साठवण्याचा. रानात न जाण्याचा उपदेश करणे सोपे आहे, पण ज्याची चूल रानावर पेटते त्याला तो पाळता येत नाही.

रोगावर नेमके औषध नाही. शेकडा तीन ते पाच रुग्ण दगावतात. तेव्हा भिस्त लशीवर होती. प्रारंभी रशियन मेंदूज्वराची लस वापरून पाहण्यात आली, ती निरुपयोगी ठरली. पुढे देशी लस तयार झाली आणि १९९० पासून कर्नाटकात दिली जाऊ लागली. एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, काही महिन्यांनी वर्धक मात्रा आणि नंतर दरवर्षी पुन्हा, असा तिचा क्रम होता. २००५ ते २०१० या काळातील कर्नाटकातील नोंदींच्या अभ्यासात दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के, तर वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. दुखणाऱ्या टोचण्या मोलमजुरी बुडवून पुन:पुन्हा घेण्यास माणसे राजी होईनात, हेही स्वाभाविक होते. अखेर परिणामकारकता घटल्याने २०२२ मध्ये ही लस थांबविण्यात आली. दुबळी लस बंद करणे योग्यच होते. तिची जागा घेणारी लस तोवर तयार नव्हती, हे मात्र समर्थनीय नाही. आता परिषदेने नव्या लशीसाठी प्रयत्न चालविले आहेत. ते अर्ध्यावर सुटू नयेत, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. रुग्ण थोडे, तेही रानाकाठचे गरीब. अशा लशीत नफा नाही. म्हणूनच ती जबाबदारी सरकारची ठरते.

पण केवळ लशीने भागणार नाही. माकड वनखात्याचे, गाय पशुसंवर्धन खात्याची, माणूस आरोग्य खात्याचा. गोचीड मात्र कोणत्याच खात्याची नाही. मेलेले माकड प्रथम दिसते ते वनरक्षकाला किंवा गुराख्याला. ती खबर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली, मृत माकडाची तपासणी होऊन त्या जागेभोवती कीटकनाशक फवारले गेले आणि गावकऱ्यांना अंगाला लावण्याचे गोचीडरोधक तेल मिळाले, तर माणसाचा मृत्यू टळू शकतो. माकडाचा मृत्यू ही निसर्गाने फुकट दिलेली पूर्वसूचना आहे. ती फायलींच्या प्रवासात हरवणे हा रोगाचा नव्हे, कारभाराचा दोष होय.

माणूस, पशू व पर्यावरण यांचे आरोग्य एकच मानण्याचे धोरण आता सरकारने स्वीकारले आहे आणि त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली. हे स्वागतार्ह आहे. परंतु तिची कसोटी परिसंवादांत लागणार नाही; ती दोडामार्गच्या किंवा सत्तरीच्या रानात लागेल. शोध लागला की संशोधकांचा सत्कार होतो, साथ ओसरली की निधी आटतो आणि पुढच्या मोसमात पुन्हा धावाधाव सुरू होते, हा क्रम फार वर्षे चालला. १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी आपले काम तत्परतेने केले. त्या शोधाचे फळ काजू वेचणाऱ्या बाईच्या पदरात पडेपर्यंत ते पूर्ण झाले, असे मानता येणार नाही.