विश्लेषण : तलावातल्या मोठ्या माशासाठी स्वस्त रॉड घेताय? फूट आणि 'कार्बन' नव्हे, आधी ग्रॅम पाहा

पाऊस चांगला झाला, तलाव भरले की तुळजापूर, नळदुर्ग परिसरात गळ टाकून बसणारी मंडळी पाण्याकाठी दिसू लागतात. बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ एवढ्यावर भागणारा हा छंद आता मोबाइलमुळे बदलला आहे. इंग्लंडमधील व्हिडीओत एखादा माणूस १२ फुटी रॉडने मेलेला मासा आमिष म्हणून दूर फेकतो आणि हातभर लांबीचा दातेरी पाइक बाहेर काढतो. ते पाहून तसाच रॉड ऑनलाइन शोधला जातो. यादीत सर्वांत वर दिसतो तो काठी, रील आणि दोर एकत्र देणारा स्वस्त 'कॉम्बो'. पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्या फेकीतच त्याचे टोक मोडते आणि दोष नशिबाला दिला जातो. खरे तर चूक खरेदीच्या वेळीच झालेली असते.

पाइक आपल्याकडे नाही, मग त्याचा रॉड कशाला?

पाइक हा उत्तर गोलार्धातील थंड पाण्याचा मासा. भारतातील नद्या-तलावांत तो आढळत नाही. आपल्याकडे त्याची जागा घेणारे शिकारी मासे वेगळे आहेत. तुळजापूर तालुक्यातून वाहणारी बोरी नदी पुढे भीमेला मिळते. या भीमेच्या खोऱ्यात मरळ, शिंगटा, वाम आणि शिवडा हे मासे आढळतात. शिवड्याला काही भागांत पहाडी किंवा बालू म्हणतात, शास्त्रीय नाव वालागो अट्टू. मरळ डोळ्यांनी शिकार करते, हलत्या भक्ष्यावर झेपावते, म्हणून तिच्यासाठी रबरी बेडूक किंवा चमचा वापरणारे अधिक. शिंगटा आणि शिवडा हे मिशीवाले मासे वासाचा माग काढत तळाशी फिरतात. मेलेले आमिष खरे त्यांच्यासाठी.

म्हणजे पाइकचा रॉड जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही, पण त्यामागचा हिशेब मात्र उपयोगी आहे. दोन्हीकडे अडचण एकच आहे : आमिष जड असते आणि मऊही असते. गांडूळ लावलेला गळ काही ग्रॅमचा. १० ते १२ सेंटीमीटरची चिलापी साधारण २० ते ३५ ग्रॅम भरते. त्यात तळाशी बसण्यासाठी २० ते ३० ग्रॅम शिसे. म्हणजे रॉडच्या टोकावर ४० ते ६५ ग्रॅम वजन झुलते आणि ते झटक्याने फेकले तर गळावरून आमिष निसटते. हा भार पेलणारा आणि तो हळूच, झोक्यासारखा सोडणारा रॉड हवा. सगळी निवड या एका वाक्यात आली, बाकीचे जाहिरातीचे शब्द आहेत.

ग्रॅम कुठे लिहिलेले असतात?

बऱ्या रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात फेकण्याचे वजन छापलेले असते, उदाहरणार्थ ४०-८० ग्रॅम. मेलेल्या आमिषासाठी याच पट्ट्यातला रॉड योग्य. १०-३० ग्रॅमचा रॉड कितीही देखणा असला तरी तो लहान चमचे फेकण्यासाठी आहे. आणि ज्यावर वजन छापलेलेच नाही, केवळ 'सुपर स्ट्राँग' असे सोनेरी अक्षरात लिहिले आहे, तो घेऊच नये.

इंग्लंडमध्ये हेच माप 'टेस्ट कर्व्ह' या नावाने पौंडात देतात. रॉडचे टोक मुठीशी काटकोनात वाकायला जेवढे वजन लागते, तो त्याचा टेस्ट कर्व्ह. पाइकसाठी मेलेले आमिष फेकणारे तिथे साधारण पावणेतीन ते साडेतीन पौंडांचा रॉड वापरतात. ढोबळ नियम असा की जितके पौंड तितके औंस वजन त्या रॉडने आरामात फेकता येते. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. हे कळले की छापील आकड्यावर विसंबून राहायची गरज उरत नाही, कारण मोजणी पाण्याच्या बाटलीने होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजेच २.२ पौंड. रॉडला रील लावून दोर सगळ्या कड्यांतून ओवावा, टोकाला भरलेली बाटली बांधावी, मूठ आडवी धरावी आणि बाटली जमिनीवरून अगदी सावकाश उचलावी. टोक वाकून जवळजवळ सरळ खाली पाहू लागले तर हा रॉड साधारण ६० ग्रॅमचे आमिष नीट फेकेल. आपला हिशेब ४० ते ६५ ग्रॅमचाच होता. टोक जेमतेम वाकले तर रॉड फार ताठ आहे, आमिष फाडेल. वाक मुठीपर्यंत आला किंवा करकर आवाज झाला, तर लगेच वजन उतरवावे आणि रॉड दुकानदाराला परत द्यावा. ऑनलाइन मागवलेल्या रॉडची ही चाचणी परताव्याची मुदत संपण्याआधी करावी, तलावावर जाऊन नव्हे.

लांबीचा मोह

'जितका लांब तितका दूर जातो' हे अर्धे खरे आहे. दुसरे अर्धे तरफेचे आहे. ८ फूट म्हणजे २.४ मीटरच्या रॉडवर वरचा हात मुठीच्या टोकापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर पुढे २.१ मीटर उरतात. रॉड अजिबात वाकला नाही असे धरले तर टोकाला बसणारी एक किलोची ओढ खालच्या हाताला सात किलोची वाटते. १२ फुटी रॉड तसाच धरला तर अकरा किलोची. लांब रॉडची मूठही लांब असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक एवढा पडत नाही. शिवाय वाकणारा रॉड ही तरफ आपोआप आखूड करतो. सुरुवात करणाऱ्याने थोडा लवचीक रॉड घ्यावा, त्याचे हे एक कारण.

आपल्या तलावांचे काठही पाहायला हवेत. धरणाच्या भिंतीला दगडी पिचिंग, बाकी काठाला वेड्या बाभळीची दाटी. १२ फुटी रॉड मागे नेऊन फेकायला मोकळी जागा मिळणार कुठे? आणि तो दुचाकीवर न्यायचा कसा? ८ ते ९ फुटांचा, दोन तुकड्यांचा रॉड इथे पुरतो. घडी घालून दप्तरात मावणारा टेलिस्कोपिक रॉड सोयीचा असतो हे मान्य, पण त्याचा प्रत्येक सांधा ही एक कमजोर जागा असते. स्वस्त मालात असे पाच-सहा सांधे असतात आणि त्यात वाळू गेली की ते अडकतात. चिलापी-कटल्यासाठी ठीक, ५० ग्रॅमच्या फेकीसाठी नाही.

फायबर की कार्बन?

कमी बजेटमध्ये उत्तर सरळ आहे : फायबर ग्लास. कार्बनचा रॉड हलका आणि चपळ असतो, पण चांगला कार्बन स्वस्त नसतो. स्वस्त रॉडवरचा 'कार्बन' हा शब्द अनेकदा रंगापुरताच असतो. कार्बनला दगडावर आपटून बारीक चीर गेली तर ती दिसत नाही आणि पुढच्या जोराच्या फेकीत रॉड तुटतो. फायबर जड आहे, दिवसभर हातात धरला तर मनगट दुखेल. पण मेलेल्या आमिषाची मासेमारी हातात धरून होतच नाही. रॉड दुबेळक्यावर टेकवायचा आणि वाट पाहायची. मग हलकेपणाचे जादा पैसे कशासाठी? या कामाचा फायबरचा रॉड हजार-बाराशे रुपयांच्या आसपास मिळू शकतो. वाचलेले पैसे रीलवर घालावेत, कारण मासा दमवण्याचे काम रीलचा ब्रेक करतो.

फायबरच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि ते पैशांचे नाही. कार्बनमधून वीज वाहते. तलावांच्या काठाने शेतीपंपांच्या वीजवाहिन्या गेलेल्या असतात, काही ठिकाणी तारा लोंबकळत असतात. त्याखाली लांब कार्बन रॉड उभा करून फेकणे जिवावर बेतू शकते. स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही, उच्च दाबाची वाहिनी फार जवळूनही झेप घेते. कोरडा फायबर त्या मानाने बरा, पण ओला रॉड आणि ओला दोर यांचा भरवसा नाही, त्यामुळे तारांखाली कोणताच रॉड नको. मराठवाड्यात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा मोकळ्या काठावर उंच काठी धरून बसलेला माणूस हे सोपे लक्ष्य असते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते. मासेमारीचे व्हिडीओ असलेल्या फोनमध्ये ते असायला हरकत नाही.

दुकानात हात लावून काय तपासावे?

शक्य असेल तर सोलापूरची फेरी झाली की रॉड प्रत्यक्ष पाहूनच घ्यावा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. धागा अडकला तर कडीला चीर आहे, ती तंगूस कापत राहील. दोन तुकडे जोडून डोळ्यासमोर धरावेत, कड्या एका रेषेत हव्यात. रील बसवायची चूड प्लास्टिकची असली तरी रील डुगडुगता कामा नये. तंगूस ०.४० मिलिमीटरच्या आसपासची पुरते. पाइकला लावतात तसा तारेचा तुकडा शिवड्यालाही उपयोगी, त्याच्या जबड्यात बारीक दातांच्या ओळी असतात. तीन तोंडांचा गळ मात्र नको. तो पोटात गेला की मासा सोडायचा म्हटले तरी वाचत नाही. एकच मोठा गळ घ्यावा आणि मऊ चिलापी शिवणाच्या दोऱ्याने त्याला गुंडाळावी.

मासा सोडण्याचा विषय शिवड्याबाबत गंभीर आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा मासा आता 'असुरक्षित' गटात आहे. मरळीचेही एक पथ्य आहे. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला की खाली तिचे आई-बाप राखण करत असतात. तेव्हा त्या हटकून गळावर येतात, कारण त्या भुकेल्या नसतात, चिडलेल्या असतात. ती एक मरळ काढली की पूर्ण थवा इतर माशांच्या तोंडी जातो. मेलेल्या आमिषाचा इथे एक फायदाच आहे. जिवंत चिलापी डब्यातून एका तलावातून दुसऱ्यात नेली आणि निसटली, तर ती तिथे भराभर वाढते. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या या माशाने पुढे अनेक जलाशय असेच व्यापले.

तलाव कोणाचा?

व्हिडीओत हे कोणी सांगत नाही. बहुतेक पाझर तलाव आणि धरणांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी ठेक्याची रक्कम भरलेली असते, बोटुकली विकत घेऊन सोडलेली असते. भोई समाजातील अनेक घरांची चूल त्यावर पेटते. हजाराचा रॉड घेतला म्हणून त्या पाण्यावर हक्क मिळत नाही. काठावर हटकणाऱ्या माणसाशी 'एका गळाने काय होते' असा वाद घालण्याऐवजी आधीच विचारावे. शिकारी मासे त्यांच्या बोटुकलीवर जगतात, त्यामुळे शिवडा-मरळीपुरती परवानगी मागितली तर नकार मिळेलच असे नाही. कोणता तलाव कोणत्या संस्थेकडे आहे, याची माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळते आणि ती विचारायला रॉड विकत घेण्याआधी जावे.